करंटचं मशीन, बीपीची गोळी आणि चौविहार



गुडघ्याला, कंबरेला लावायचं करंटचं मशीन आता आपल्यातल्या बऱ्याच घरांत आलं आहे. हातात मावेल एवढी डबी, दोन किंवा चार वायरी आणि टोकाला चिकटणारे पॅड. फिजिओथेरपीवाले त्याला ‘टेन्स’ म्हणतात. आमच्या कोनमध्ये माझ्याच ओळखीच्या सात-आठ घरांत ते आहे. घेतलं जातं दुखण्यासाठी, पण हल्ली त्याच्याबद्दल दुसरंच ऐकू येतं. म्हणे यानं बीपीही उतरतं, नाडी शांत होते, आणि मग गोळी सोडली तरी चालते. चातुर्मास जवळ आला की ही गोष्ट जास्त फिरते. कारण उघड आहे. संध्याकाळची गोळी आणि चौविहार यांचं जमत नाही.

आमच्या घरातही हा विषय आला, तो माझ्या सासूबाईंमुळे. आईंचं वय 71. दोन्ही गुडघे झिजलेले, बीपीची गोळी नऊ वर्षांपासून, रोज रात्री आठ वाजता. दर चातुर्मासात त्यांच्या मनाला एकच गोष्ट लागून राहते, की सगळ्या जणी चौविहार करतात आणि मला गोळीसाठी पाणी घ्यावं लागतं. अशात एका मोफत शिबिरात मशीन विकणाऱ्या माणसानं त्यांना सांगितलं, “मावशी, हे रोज वीस मिनिटं मानेवर लावा, बीपीची गोळी विसरून जाल.” आई घरी आल्या त्या ठरवूनच. मशीन तर घरात आहेच, आता आषाढी चौमासीपासून गोळी बंद.

मी त्यांना म्हटलं, “आई, आपण आधी समजून घेऊ. गोळी तोवर चालू ठेवू.” त्या म्हणाल्या, “घे समजून. पण चौमासीच्या आत सांग.” म्हणजे माझ्याकडे पाच आठवडे होते. त्या पाच आठवड्यांत जे वाचलं, विचारलं आणि घरी मोजून पाहिलं, ते आज तुमच्यासाठी लिहिते आहे.

आधी मशीन काय करतं ते. आपल्या अंगात दुखण्याचा निरोप बारीक नसांतून हळू जातो आणि स्पर्शाचा, चोळण्याचा, दाबाचा निरोप जाड नसांतून झपाट्यानं जातो. दोन्ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोहोचतात. 1965 साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की तिथं एक दार असल्यासारखी व्यवस्था आहे. स्पर्शाचे निरोप भराभर आले की दुखण्याच्या निरोपाला वर मेंदूकडे जायला वाट कमी मिळते. कल्याणच्या लोकलचं दार डोळ्यांसमोर आणा. आधी चढलेल्यांनी दार भरून टाकलं, की मागचा फलाटावरच राहतो. लहान मूल पडलं की आपण लगेच तिथं चोळतो, तेही याच कारणानं. टेन्स म्हणजे विजेच्या बारीक ठोक्यांनी केलेलं चोळणं. करंट कातडीतून जातो, जाड नसांना जागं करतो, आणि मुंग्या येतात.

हे फार नवीनही नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममधला स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य विजेचा झटका देणारा समुद्री मासा डोकेदुखीवर आणि संधिवातावर लावायला सांगत असे. जीवदया मानणाऱ्या आपल्याला ते वाचूनच कसंतरी होतं. निदान आताच्या मशीनला बॅटरी पुरते.

आता बीपी आणि नाडी. हे दोन्ही आपल्या इच्छेवर चालत नाहीत. त्यांना सांभाळणाऱ्या नसांच्या दोन बाजू आहेत. एक बाजू धावपळीची. ती जोरात असली की हृदय भरभर ठोके देतं, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. दुसरी बाजू विसाव्याची. ती नाडी सावकाश करते. दुखणं हे धावपळीच्या बाजूला आरोळी मारण्यासारखं असतं. दाढ ठणकत असताना किंवा गुडघा रात्रभर जाळत असताना बीपी मोजलं तर आकडा वर येणारच. म्हणून मशीननं दुखणं कमी झालं, तर त्या दुखण्यानं चढलेला आकडा खाली येतो. उलटंही खरं आहे. करंट सहन होणार नाही इतका वाढवला तर तोच एक त्रास होतो, आणि त्रासानं बीपी चढतं. म्हणून फिजिओथेरपीवाले सांगतात की मुंग्या ठसठशीत जाणवाव्यात, पण दात-ओठ खावे लागू नयेत.

मग दुखणं नसतानाही हा करंट थेट बीपी उतरवतो का? लोकांनी हे तपासलेलं आहे. नॉर्वे, स्वीडन, ब्राझील अशा देशांत बीपीच्या रुग्णांना टेन्स लावून अभ्यास झाले. काहींत वरचा आकडा थोडासा उतरला, काहींत फरक पडला नाही. अभ्यासांतली माणसं थोडी होती. पॅड कुठं लावले, ठोके सेकंदाला किती दिले, किती दिवस दिले, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. एवढ्यावरून कुठल्याही डॉक्टरनं गोळी बंद करून मशीन लिहून दिलं, असं होत नाही.

मानेची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मैत्रिणींनो, ही नीट वाचा. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, जबड्याच्या खाली, जिथं बोट ठेवल्यावर नाडी लागते, तिथं रक्तवाहिनीत बीपी मोजणारी निसर्गाचीच जागा आहे. बीपी वाढलं की ती जागा मेंदूला निरोप देते आणि मेंदू हृदयाला सावकाश चाल म्हणतो. ह्या जागेला करंट दिला तर मेंदूला वाटतं की बीपी फार वाढलं आहे. मग नाडी एकदम मंदावू शकते, बीपी घसरू शकतं, माणूस चक्कर येऊन पडू शकतो. घशाचे स्नायूही आवळू शकतात. म्हणून टेन्सचे पॅड गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर कधीच लावायचे नसतात. मशीनबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात ही सूचना असते. आईंना शिबिरात सांगितलेली जागा नेमकी हीच होती. आईंसारख्या एकाहत्तर वर्षांच्या बाईला बाथरूममध्ये नाही तर जिन्यात चक्कर आली असती तर काय झालं असतं, ते मी वेगळं लिहायला नको.

पण मग विक्रेत्याच्या बोलण्याला धागा कुठून मिळाला, हेही मला कळलं. डॉक्टरांनी ह्याच जागेचा उपयोग करून पाहिला आहे. 1967 साली अमेरिकेत ब्राउनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्यातल्या ह्या नसेला शस्त्रक्रियेनं तारा जोडून हृदयाच्या दुखण्याचे, म्हणजे अँजायनाचे, रुग्ण बरे वाटतात का ते पाहिलं. पुढे गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीसाठी छातीत बसवायचं एक यंत्र निघालं. 2011 साली 265 रुग्णांवरच्या त्याच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा आधी ठरवलेल्या सगळ्या कसोट्यांना ते उतरलं नाही. सुधारलेलं यंत्र 2019 मध्ये अमेरिकेत मान्य झालं, तेही हृदय कमजोर झालेल्या काही रुग्णांसाठी. म्हणजे नसेला करंट देऊन बीपी आणि नाडी हलते हे खरं. पण ते काम ऑपरेशन थिएटरमध्ये, मोजूनमापून, हृदयरोगतज्ज्ञ करतात. कोनमधल्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून करण्याचं ते काम नव्हे.

एवढं वाचून झाल्यावर आई म्हणाल्या, “ते सगळं परदेशातलं. माझ्या गुडघ्याला लावल्यावर माझं बीपी उतरतं, ते मी स्वतः पाहिलंय.” आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. मशीन काढल्यावर आकडा खरंच कमी यायचा. मग आम्ही दोघींनी घरातच मोजायचं ठरवलं. गोळी चालूच.

पद्धत साधी ठेवली. सकाळी अकराची वेळ, तीच खुर्ची. आधी अर्धा तास चहा नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प बसून मग पहिलं मोजमाप. वीस मिनिटांनी दुसरं. पहिला आठवडा मशीन गुडघ्यावर चालू. दुसरा आठवडा पॅड गुडघ्यावर, पण बटण बंद. आईंना मी ते सांगितलं होतं, फसवून काही करायचं नव्हतं. खऱ्या अभ्यासातही टेन्सची हीच अडचण असते. मुंग्या येतात की नाही हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे खोटं मशीन लपवणं अवघड जातं.

वहीत जे आलं ते असं. मशीन चालू असलेल्या आठवड्यात वरचा आकडा सरासरी 9 नं उतरला आणि नाडी 6 ठोक्यांनी. मशीन बंद असलेल्या आठवड्यात वरचा आकडा 8 नं उतरला आणि नाडी 5 नं. तासाभरानं दोन्ही आठवड्यांत आकडा जवळजवळ पहिल्या जागी. आईंनी वही हातात घेतली, चष्मा लावला, दोनदा वाचली. मग म्हणाल्या, “म्हणजे बीपी खुर्चीनं उतरतंय!”

खुर्चीनं म्हणजे बसण्यानं. आमचं घर कल्याण-भिवंडी रस्त्यापासून लांब नाही. सकाळपासून गोदामांकडे जाणारे ट्रक, हॉर्न, दुर्गाडीकडची कोंडी, घरात कुकर आणि दारावरची बेल. आई सकाळी सहापासून पायावर असतात. वीस मिनिटं कुणी त्यांना हाक न मारता त्या बसल्या, हेच मुळात दिवसात पहिल्यांदा घडत होतं.

मात्र गुडघ्याचा हिशेब वेगळा आला, तोही लिहायला हवा. मशीन चालू असलेल्या आठवड्यात आई दुपारी जिना धरून न थांबता उतरत होत्या. बंद आठवड्यात पुन्हा “आई गं” सुरू. म्हणजे दुखण्यावर मशीनचा उपयोग त्यांना होत होता. आणि एका रात्री गुडघा फार चढला तेव्हा बीपी 162 वर 90 आणि नाडी 96 होती. मशीन लावून दुखणं बसल्यावर 146 वर 84 आणि नाडी 82. त्या रात्री मशीननं दुखणं उतरवलं, आणि दुखण्याच्या मागोमाग बीपी उतरलं. रोजचं बीपी मात्र गुडघ्यामुळे नाही. ते वयानं कडक झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे आहे आणि दुखलं नाही तरी असतंच. त्याला गोळी लागते.

तिसऱ्या आठवड्यात आईंनीच एक गोष्ट सुचवली. “सामायिक झाल्यावर मोज.” सामायिकात मशीनचा प्रश्नच येत नाही. विजेत तेउकायाचे जीव मानावेत की नाही यावर आपल्या संप्रदायांत मतभेद आहेत, पण आमच्या घरी सामायिकात विजेच्या वस्तूला हात लावत नाहीत. म्हणून 48 मिनिटं पूर्ण होऊन सामायिक पारल्यावर मगच बीपीचं मशीन बांधलं. त्या आठवड्यात वरचा आकडा सरासरी 11 नं उतरला होता.

याचंही शास्त्र आपल्या मुंबईतच तपासलेलं सापडलं. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 47 बीपीच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम 1969 साली ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात छापले. बऱ्याच जणांचं बीपी उतरलं, काहींची गोळी कमी करता आली, काहींना उपयोग झाला नाही. गोळी कमी केली ती डॉक्टरांनी, रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून. त्याच्याही आधी, 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, आणि तिथं आसनांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो ते मोजलं गेलं. शवासन आणि आपला काउसग्ग दोन्हीत शरीर सैल सोडायचं असतं. पण काउसग्ग बीपीसाठी करतात असं मी म्हणणार नाही. तो देहाची आसक्ती सोडण्यासाठी, निर्जरेसाठी आहे. त्यानं बीपी दहानं उतरलं तर तो वाटेत मिळालेला लाभ. त्यावर गोळीचा हिशेब मांडायचा नसतो.

मग मूळ दुखणं उरलं, चौविहाराचं. वही घेऊन आम्ही दोघी कल्याणला आमच्या डॉक्टरांकडे गेलो. मी मशीनचं सगळं सांगितलं. आई गप्प होत्या. शेवटी मीच विचारलं, “डॉक्टर, गोळी रात्रीच का?” त्यांनी आधी कधीतरी तशी सुरू केली होती, एवढंच कारण निघालं. त्यांनी सांगितलं की इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये 21,104 रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बीपीची गोळी सकाळी घेतली काय आणि संध्याकाळी घेतली काय, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या प्रमाणात फरक दिसला नाही. वेळ ठरलेली हवी आणि गोळी चुकायला नको. आईंच्या गोळीचं नाव पाहून ते म्हणाले, “सकाळी घ्या. चालेल.”

आईंनी विचारलं, “नवकारशी आल्यावर घेतली तर?”

“किती वाजता म्हणजे?”

“सूर्योदयानंतर दोन घडी. अठ्ठेचाळीस मिनिटं.”

डॉक्टर म्हणाले, “रोज तेव्हाच घेणार असाल, तर त्याहून चांगली वेळ मला सांगता येणार नाही.”

नऊ वर्षं आई मनात जे घेऊन बसल्या होत्या, ते एका प्रश्नानं सुटलं. आपल्या बायका महासतीजींना पच्चक्खाण विचारतात आणि डॉक्टरांना गोळी विचारतात, पण एकाचं दुसऱ्याला सांगत नाहीत. डॉक्टरांना चौविहार म्हणजे काय ते माहीत नसतं. सांगितलं तर बहुतेक जण वाट काढतात.

उपवासाचंही तेव्हाच विचारून घेतलं. तिविहार उपवास असो वा अठ्ठाई, अंगातलं पाणी कमी झालं की बीपी आपोआप खाली येतं. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर चक्कर येऊ शकते. त्या दिवसांसाठी गोळी किती आणि कशी, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. आपल्या मनानं बंद करायची नाही आणि आपल्या मनानं चालूही ठेवायची नाही. आणि मैत्रिणींनो, पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत. समाधी टिकावी म्हणून, अंगात मोठा त्रास उठला तर औषधाची मोकळीक त्यांत धरलेली आहे. शंका असेल तर महासतीजींना विचारा. औषध घेण्याची लाज वाटावी असं त्यात काही नाही.

ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांच्यासाठी, आमच्या कोनच्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं सांगितलेल्या गोष्टी लिहून ठेवते. छातीत पेसमेकर असेल तर टेन्स लावायचंच नाही, कारण त्याचे ठोके पेसमेकरला हृदयाचे वाटू शकतात. गळ्यावर, डोळ्यांजवळ, आणि छातीच्या आरपार जाईल असे पॅड लावायचे नाहीत. गरोदर सुनेच्या पोटावर नाही. फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर तिथं नाही, कातडी भाजली तरी कळत नाही. फाटलेल्या, चिघळलेल्या कातडीवर नाही. लावून झोपायचं नाही. बीपी मोजताना मशीन बंद ठेवायचं. आणि लावल्यावर चक्कर, धडधड किंवा छातीत कसंही वाटलं, तर काढून ठेवून डॉक्टरांना दाखवायचं.

आषाढी चौमासीला आईंनी स्थानकात चौविहाराचे पच्चक्खाण घेतले, चार महिन्यांचे. आता गोळीची पट्टी आमच्या देव्हाऱ्याजवळच्या फळीवर, नवकारशीच्या वेळेच्या कागदाखाली असते. बीपी मागच्या महिन्यात 132 वर 80 होतं. मशीन गुडघ्यासाठी आठवड्यातून तीनदा निघतं, आणि ते लावल्यावर वीस मिनिटं त्यांना कुणी हाक मारायची नाही, हा नियम नातवंडांनाही पाठ झाला आहे.

तुमच्या घरी कुणाची गोळी रात्रीची असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एवढं विचारून या. जय जिनेंद्र.